त्यांच्यात चालतं!

काही वाक्ये घरातल्या पाट्या-वरवंट्यासारखी असतात. ती कुणी आणली, केव्हा आणली, हे कोणालाच आठवत नाही. पण रोज काही ना काही त्यांच्याखाली वाटले जातेच. आमच्या घरात असे एक वाक्य होते. ते म्हणजे, “त्यांच्यात चालतं.”

समोरच्या सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देत. “त्यांच्यात चालतं!” वरच्या खोलीतल्या ख्रिस्ती बाई साठी उलटल्यावरही झगा घालून बाजारात जात. “त्यांच्यात चालतं!” पंजाबी शेजारीण सासऱ्यांशी खुर्चीत बसून बोले, कोपऱ्यावरच्या मारवाड्याची सून नाकापर्यंत पदर ओढून फिरे. या दोन अगदी उलट गोष्टींनाही आमची आजी हाच एक शिक्का मारत असे. वाक्य मोठे सोयीचे. ऐकणाऱ्याला वाटावे, काय मनाचा मोठेपणा! कुणाला नावे ठेवली नाहीत, कुणाशी भांडण काढले नाही. पण जरा निरखून पाहिले, तर ते एक कुलूप आहे हे ध्यानात येते. ते तिकडच्या माणसाला तिकडे कोंडते आणि आपल्याला इकडे. त्यांच्यात चालते, म्हणजे त्यांना त्याचे काही वाटत नाही. आणि ज्यांना काही वाटतच नाही, त्यांची चौकशी ती काय करायची?

या कुलपाला माझ्या देखत पहिली किल्ली लागली ती एका विनोदी चित्रपटाची. बासू चटर्जींचा ‘खट्टा मीठा’. चित्रपट 1978 सालचा; आम्ही तो पाहिला 1981 च्या गणेशोत्सवात, थेरगावात, आणि तोही पडद्याच्या मागच्या बाजूने.

आजच्या थेरगावकरांना त्या वेळचे थेरगाव सांगून पटायचे नाही. पवनेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चिंचवड. केजूबाईच्या बंधाऱ्यावर धुणी वाळत, ज्वारीच्या रानातून पायवाटा जात, आणि गावातल्या शेतकऱ्यांनी घरालगत पाच-पाच, सहा-सहा पत्र्याच्या खोल्या काढून त्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. फाळणीनंतर पिंपरीला निर्वासितांची छावणी झाली तेव्हा सिंधी आले. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, मागोमाग साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून फिटर, टर्नर, वेल्डर उतरले. माझे वडील साताऱ्याकडून आले ते याच ओढीने. एका नळावर सहा भाषांतून भांडणे होत. थेरगावातल्या कागदाच्या गिरणीचे नाव ‘पदमजी’. पदमजी हे पुण्यातले जुने पारशी घराणे. तेव्हा गिरणीच्या पाटीपुरता का होईना, पारशीही आमच्या गावात होता. प्रत्यक्षातला पारशी मात्र आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेला नव्हता. पारशी म्हणजे जुनी मोटार पुसत बसणारा, नाकात बोलणारा, थोडा तऱ्हेवाईक म्हातारा. तो आम्हाला ठाऊक होता तो हिंदी चित्रपटांमुळे. तिथे तो एका प्रवेशापुरता यायचा, चिडायचा, लोकांना हसवायचा आणि जायचा.

मंडळाच्या पोरांना खरे तर मारामारीचा चित्रपट हवा होता. पण गणपतीचे दिवस. पुण्यातल्या भाड्याने रिळे देणाऱ्याकडच्या चांगल्या पेट्या आधीच गेलेल्या. उरलेल्यांत ही एक मिळाली. रस्त्यावर दोन बांबू रोवून पडदा ताणला, यंत्र खडखडू लागले. पुढची जागा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि पोरांनी धरलेली, म्हणून आम्ही बायका-मुली पोती अंथरून पडद्यामागे बसलो. ज्यांनी असा चित्रपट पाहिला असेल त्यांना त्यातली गंमत ठाऊक आहे. मागून सगळे दिसते, फक्त उलटे. अक्षरे उलटी, डावखुरा माणूस उजवा. पारशी बायका गुजराती तऱ्हेने पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतात, आपण तो डाव्या खांद्यावर टाकतो. पडद्यामागे उजव्याचे डावे झाले होते. तशा पदराच्या एक-दोघी दिसताच आजी म्हणाली, “अगं, ह्या तर आपल्यासारखाच पदर घेतात की!” मी समजावून सांगू लागले, तर माझी आत्या हळूच म्हणाली, “राहू दे. दिसतोय तसा दिसू दे.”

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. होमी मिस्त्री हा कारखान्यातला सुपरवायझर, विधुर, पदरी चार मुलगे. हे काम अशोककुमारांनी केले. नर्गिस सेठना ही विधवा. तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. हे काम पर्ल पदमसींचे. होमीचा दोस्त सोली त्याच्या मनात भरवतो की, बाबा रे, तू पुन्हा लग्न कर. लग्न होते. दोन म्हातारी माणसे आणि सात मुले एका घरात येतात. मुलांना ही सोयरीक पटलेली नाही. माझी आई, तुझा बाप, माझी जागा, तुझा पलंग, यावरून घरात रोज लढाई. त्यातच एका मुलाचे श्रीमंत घरातल्या पोरीवर प्रेम, आणि तिच्या बापाचा विरोध. मूळ कल्पना 1968 सालच्या एका अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. पण ती मुंबईतल्या पारशी घरात अशी मुरली आहे की परकेपणा औषधालाही उरलेला नाही.

पहिली पंधरा मिनिटे रस्ता खदखदून हसत होता. त्यांचे ते बोलणे, ते कपडे, ते चिडणे! पुढे केव्हातरी हसण्याचा सूर पालटला. नऊ माणसांचे घर, अपुरी जागा, दार अडवून उभी राहिलेली पोरे, मोठ्यांचा ओरडा. अहो, हे तर आमचेच घर! सहा खोल्यांना मिळून एक मोरी असलेल्या लोकांना ही लढाई काय समजावून सांगायची? माणसे अजूनही हसत होती, पण आता ती पारशाला हसत नव्हती. प्रत्येकजण शेजारच्याला कोपराने ढोसून आपल्याच घरातल्या कुणाचे तरी नाव घेत होता.

बासू चटर्जी चित्रपटांत येण्यापूर्वी अनेक वर्षे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढत असत. व्यंगचित्रकाराचा धंदाच असा की नाक लांब असेल तर ते हातभर करावे. पण नाक लांब करणाऱ्यालाच ते नेमके केवढे आहे हे कळत असावे. कारण पडद्यावर आल्यावर या गृहस्थांनी उलटेच केले. इतरांनी लांबवलेली नाके त्यांनी मूळ मापाला आणली. पुढच्याच वर्षी, 1979 साली, त्यांनी ‘बातों बातों में’ काढला. तोवर हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती म्हणजे एक तर दारुडा, नाही तर दयाळू पाद्री. आणि ख्रिस्ती तरुणी म्हणजे खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी. इथे मात्र वांद्र्याची एक आई लेकीसाठी स्थळे बघत बसली आहे! मुलाची नोकरी पक्की आहे का, पगार किती, लग्नाचे बोलतो की नुसताच लोकलमधून हिंडवतो, या तिच्या काळज्या. ही आई पुन्हा पर्ल पदमसींचीच, आणि भावी जावई आपले अमोल पालेकर. या बाईंना झग्याऐवजी नऊवारी नेसवली असती, तर सदाशिव पेठेत कुणी मागे वळून पाहिले नसते.

त्या दोन्ही चित्रपटांत डेव्हिड आहेत. ‘खट्टा मीठा’तले पारशी सोली तेच आणि ‘बातों बातों में’तले ख्रिस्ती काकाही तेच. 1954 च्या ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचासुद्धा तेच. या डेव्हिडांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते ना पारशी, ना ख्रिस्ती. ते बेने इस्रायली. म्हणजे शतकानुशतके कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे आणि गावावरून पेणकर, चेऊलकर अशी आडनावे लावणारे ज्यू. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. पाहा, म्हणजे शेजारी शेकडो वर्षे राहूनही आपण त्यांचे काय टिपले, तर सुट्टीचा वार! असा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या जातीधर्माची सोंगे इतक्या मायेने वठवतो, यात मला मोठी मौज वाटते.

दुसऱ्या प्रांतातल्या माणसाला हसवणुकीचा विषय करणारे चित्रपट काही कमी झाले नाहीत. 1968 चा ‘पडोसन’ घ्या. त्यातले मेहमूदचे मद्रासी गायनमास्तर आठवले की मला अजून हसू आवरत नाही, आणि ते आवरावे असेही वाटत नाही. पण त्या प्रसिद्ध जुगलबंदीतली खोच कधी ध्यानात आली आहे का? खरे गाणे येते ते मास्तरांना. नायक तर खिडकीत नुसते ओठ हलवतो. गातो तो मागे लपलेला त्याचा मित्र. म्हणजे लबाडी आपल्या बाजूची, विद्या त्यांच्या बाजूची, आणि हसे होते ते विद्येचे! चित्रपट उत्तम आहे. पण तो पाहून बाहेर पडल्यावर मद्रासी माणसाविषयीचे आपले मत आत शिरताना होते तेच राहते. ‘खट्टा मीठा’ पाहून पारशाविषयीचे मत तेच राहत नाही. एवढाच दोहोंतला फरक. पण तो कमी नाही.

‘मद्रासी’ शब्द निघालाच आहे, तर मूळ गोष्टीकडे वळते.

माझी आत्या पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि लेकीला घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. शिलाईचे यंत्र चालवी, साड्यांना फॉल-पिको करी. आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत वडिलांच्याच कारखान्यातले एक इन्स्पेक्टर राहत. विधुर, सोबत एक शाळकरी मुलगा. ते पालघाटचे तमिळ. मद्रास त्यांनी जन्मात एकदा पाहिले होते, तेही मुलाखतीसाठी. पण आमच्या गल्लीच्या लेखी विंध्य सोडून खाली जे काही आहे ते सगळे मद्रास. वडील मात्र त्यांना गमतीने ‘पालघाटकर’ म्हणत. मुलाची शाळेची चड्डी शिवायच्या निमित्ताने या पालघाटकरांचे आणि आत्याचे दोन शब्दांचे चार झाले. 1981 च्या उन्हाळ्यात त्यांनी वडिलांपाशी सरळ विषय काढला. वडील गप्प राहिले. आजी मात्र गप्प राहिली नाही. “त्यांच्यात चालत असेल,” ती म्हणाली, “आपल्यात चालत नाही.” कुलूप लागले. आत्या महिनाभर खाली मान घालून यंत्र चालवत राहिली. घरात त्या विषयाचे नाव काढायची सोय उरली नाही.

अशा वेळी गणपती आले आणि हा चित्रपट आला.

एका चित्रपटाने लग्न जमले असे सांगून मी कुणाला फसवणार नाही. चित्रपटाने केले ते याहून लहान, पण आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच न जमलेले काम होते. त्याने बोलायला माणसे दिली. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आजी म्हणाली, “त्या पारशिणीची पोरं मात्र द्वाड हं!” आई म्हणाली, “पोरं ती पोरं. आई दुसऱ्या घरी गेल्यावर घाबरणारच.” आजी म्हणाली, “मग तिनं जायचं कशाला?” आई म्हणाली, “एकटीनं किती दिवस काढायचे?” दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. शेजारच्या खोलीत यंत्राचा आवाज थांबला होता.

मग हे रोजचेच झाले. पारशिणीने आधी पोरांना विचारायला हवे होते का? तिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो नव्या घरात लावावा का? म्हातारपणी त्याचे पेन्शन तिला मिळेल का? आजी एकेक प्रश्न काढी. आई, आणि मागाहून वडीलही, उत्तर देत. तीन महिने आमच्या घरात एका न पाहिलेल्या पारशी कुटुंबाच्या संसाराची इतकी चिकित्सा झाली की खऱ्या पारशी पंचायतीतही झाली नसेल. आत्याचे नाव मात्र एकदाही निघाले नाही. नाव निघाले असते तर भांडण झाले असते. पारशिणीचे होते म्हणून विचार झाला. परक्या माणसाविषयी हसत-हसत बोलता येते, आणि हसत-हसत बोलता येते म्हणून खरे बोलता येते. विनोदी चित्रपटाची ताकद मला तिथे दिसली. गंभीर चित्रपटाने आजीला उपदेश केला असता, आणि उपदेशाला आजीकडे सव्वा उत्तर असे.

एक दिवस ती अचानक म्हणाली, “पण मला वाटायचं, त्यांच्यात हे चालतं. चालत असतं तर पोरांनी एवढा गोंधळ का घातला असता?”

हीच ती गोष्ट. पारशी धर्माची विधवेच्या लग्नाला बंदी नाही. पण धर्माची बंदी नाही म्हणजे पोटच्या पोरांना लाज वाटत नाही, शेजारी कुजबुजत नाहीत, पहिल्या माणसाची आठवण छळत नाही, असे थोडेच आहे? त्यांच्यातही ते चालत नव्हते. त्यांनी ते चालवले. रडत, भांडत, एकमेकांचे पाय तुडवत चालवले. ‘चालतं’ आणि ‘चालवलं’ यांत एवढे अंतर आहे, हे आजीला तिच्या तिने कळले.

खरी मौज पुढे आहे. पालघाटकरांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले ते त्यांनी वडिलांना मराठी करून वाचून दाखवले. बहिणीचे म्हणणे असे की, ही बाई तुला गोड वाटते, पण ती मराठी आहे. तिकडे महर्षी कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, त्यांना भारतरत्न मिळाले, त्या लोकांत हे शंभर वर्षे चालते आहे. आपल्यात चालत नाही!

वडील एवढे हसले की त्यांना ठसका लागला. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी पुण्यात लग्न केले, तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकले होते. 1958 साली भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे झाले होते. ही मधली पासष्ट वर्षे पालघाटपर्यंत पोचलीच नव्हती. पोचले ते नुसते, ‘त्यांच्यात चालतं.’ आजीला पत्र समजावून सांगितले तेव्हा ती हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे तिकडेही एक म्हातारी बसली आहे म्हणायची.”

1983 च्या फेब्रुवारीत पुण्याला विवाह नोंदणी कचेरीत लग्न झाले. आजी गेली नाही. पालघाटच्या बहिणीही आल्या नाहीत. सहा महिन्यांनी आजी त्यांच्या खोलीवर गेली, कॉफी प्याली, आणि घरी येऊन म्हणाली की पालघाटकरांच्या कॉफीत दूध बेताचेच असते. जावई म्हणून तिने त्यांचा केलेला हा पहिला उल्लेख. मुले मात्र दोन वर्षे एकमेकांशी धड बोलली नाहीत. आत्याच्या लेकीने दारावर खडूने रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ पुसायला किती काळ लागला, ते आत्यालाच माहीत. चित्रपटात हे काम अडीच तासांत होते.

बासू चटर्जी 2020 साली गेले. त्या दिवशी आत्याच्या लेकीचा मला फोन आला. आम्ही दोघी चित्रपटाविषयी फारसे बोललोच नाही. त्या पोत्यांविषयी, पडद्यामागच्या उलट्या अक्षरांविषयी बोललो. “आई त्या रात्री घरी येऊन रडली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, विनोदी सिनेमाला कुणी रडतं का?”

थेरगावात आता ज्वारी नाही. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, डांगे चौकात गर्दीने जीव घुसमटतो, आणि आमच्या इमारतीच्या बारा मजल्यांवर निम्मा हिंदुस्थान राहतो. कुलूप मात्र तेच आहे. ते आता लिफ्टमध्ये ऐकू येते. ओडियांच्या घरी मासे शिजले, केरळच्या बाई नवऱ्याला नावाने हाक मारतात, त्यांच्यात चालतं! आणि आपल्याविषयीही तेच बोलले जाते. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद. पुढे सरकारनेही तशा अर्थाचे परिपत्रक काढले. ही बातमी वाचून आमच्या शेजारच्या, लखनौकडच्या बाई मला कौतुकाने म्हणाल्या, “आप मराठी लोगों में तो ये सब चलता है ना!”

मी म्हटले, “नाही हो. चालत असतं तर ठराव कशाला करावा लागला असता?”

त्या जरा गोंधळल्या. मग दारातून आत आल्या. त्यांच्या मोठ्या जाऊबाईंची हकिगत सांगू लागल्या. मी आत्याची सांगितली. बाहेर अंधार पडला तरी आमचे चालूच होते. चहा दोनदा झाला.